मौजे डिंगोरे, तालुका जुन्नर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

सातबाऱ्याचा उतारा आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी हातात घेतला असेल. कर्ज काढताना, भावाभावांत वाटण्या होताना, नाहीतर कोर्टाच्या पायरीवर. आपण त्यावर आपलं नाव शोधतो, क्षेत्र बघतो आणि घडी घालून खिशात टाकतो. वरची ओळ सहसा कुणी वाचत नाही. गाव अमुक, तालुका अमुक, जिल्हा अमुक. आज मला त्या वरच्या ओळीबद्दल बोलायचं आहे.

माझं गाव डिंगोरे. नगर-कल्याण रस्त्याने ओतूर सोडून माळशेज घाटाकडे निघालात, की मढच्या अलीकडे लागतं. नगरचं 2024 साली अहिल्यानगर झालं, पण रस्त्याचं नाव आमच्या तोंडात अजून जुनंच आहे. घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचे इथे दोन वाटे होतात. पलीकडे उतरलेलं पाणी काळू नदीतून उल्हासला मिळतं आणि लगेच अरबी समुद्र गाठतं. अलीकडचं पाणी मात्र लांबच्या प्रवासाला निघतं. पुष्पावती, कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असं करत ते पार बंगालच्या उपसागरात जातं. एसटीच्या तासाभराच्या प्रवासात भाताची खाचरं संपतात आणि बाजरीची रानं सुरू होतात. पुष्पावतीवर पिंपळगाव जोग्याचं धरण झालं आणि त्याचा कालवा थेट पारनेरच्या दुष्काळी भागापर्यंत गेला. पाणी आलं तसा कांदा वाढला, ऊस वाढला, आणि उसाबरोबर बिबट्या आला. आता तोही गावकरीच झालाय म्हणा ना! फक्त त्याचं नाव अजून उताऱ्यावर चढलेलं नाही.

ही वाट आजची नाही. जवळच्या नाणेघाटात सातवाहनांचा लेख आहे, नागनिका राणीचा. कल्याणच्या बंदरातला माल त्या घाटाने जुन्नरला चढायचा. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन जुन्नरला आला, एक पावसाळा इथे अडकला आणि आमच्या चिखलाची नोंद करून गेला. पुढे निजामशाहीचा पाया याच मुलखात घातला गेला. शिवनेरीवर 1630 साली काय घडलं ते मी सांगायला नको.

पण गावाचा इतिहास म्हटला की आपण किल्ल्याकडेच बघतो. मला तो वरच्या ओळीतल्या शब्दांत जास्त दिसतो. मौजे, कसबा, तर्फ, तालुका, जिल्हा हे सगळे शब्द अरबीतून आलेले. खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक म्हणजे थोरलं, हे फारसीतून. आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली आपली शीव, वाडी, गावठाण. वस्तीची ती पांढरी, पिकाची ती काळी. आमच्या जुन्नर तालुक्यात हिवरे नावाची चार गावं आहेत. हिवरे बुद्रुक, हिवरे खुर्द, हिवरे तर्फे मिन्हेर आणि हिवरे तर्फे नारायणगाव. तर्फ म्हणजे बाजू, काही गावांचा मिळून केलेला महालाचा एक भाग. तर्फेचा कारभार इंग्रजी अमदानीत मोडला. आज तिला ना कचेरी, ना अधिकारी. पण तर्फ हा शब्द काढून टाका, पोस्टमन दुपारपर्यंत वेडा होईल.

हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. कॅनडात न्यू ब्रन्सविक नावाचा प्रांत आहे. तिथे परगण्यासारख्या काउंट्या आणि त्यांच्या पोटात पॅरिश. शब्द मूळचा चर्चचा, पण तिथे त्याचा अर्थ महसुली गाव असाच झाला. काउंट्यांचा कारभार 1960 च्या दशकात सरकारने गुंडाळला. तरी पॅरिशची नावं आणि हद्दी राहिल्या, खानेसुमारीत, जमिनीच्या कागदात आणि लोकांच्या बोलण्यात. आपल्या आंबेगावने तर याच्यावर ताण केली आहे. मूळचं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावला. आणि तालुक्याचं नाव? आंबेगावच! जे गाव बुडालं, त्याच्या नावाने शेकडो लोक रोज दाखले काढतात.

आता थोडं माझ्याबद्दल. मी मराठीत कविता लिहितो. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी कुणीतरी हमखास जवळ येतं. "छान लिहिता हो. पण तुम्ही मूळचे कुठले?" मी म्हणतो, डिंगोऱ्याचा. "ते झालं, पण मूळचे?" विचारणारा वाईट माणूस नसतो, हे मला कळतं. पण 'मूळ' ह्या शब्दाशी मी पुष्कळ वेळ बसलो आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' 1915 साली आलं. आत्रे महसूल खात्यातले, म्हणून त्यांना गाव आतून ठाऊक. गावच्या बलुत्यांत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांच्याबरोबर मुलाणा मोजला जातो. आमच्या घराकडे मुलाणकी होती. जत्रेच्या वेळी बकरं हलाल करायचं, पिराला दिवा लावायचा आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा आणायचा. तो वाटा उपकार म्हणून मिळत नव्हता, तो हक्क होता. गावात तंटा झाला की गोतसभा बसे, महजर लिहिला जाई, पाटील आपल्या नावापुढे नांगराची निशाणी करी. शिवेचा वाद निघाला तर गावचा महार जी हद्द चालून दाखवील ती खरी मानत. त्याचा शब्द एवढा मोठा आणि त्याचं घर मात्र शिवेपाशी, हेही विसरता येत नाही. जुन्या गावाची गोडी सांगणारे ही ओळ नेमकी गाळतात. आणि हे सारं ज्या कागदावर उतरे, तो पेशवाईत पुष्कळदा जुन्नरी कागद असे. तो करणारे कागदी मुसलमानच. तेव्हा मूळ शोधायचं तर ते एकट्या माझं कसं शोधणार? शब्द उपटायला गेलो तर कागद फाटतो.

डॉ. थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज सर्जनने पेशवाई बुडाल्यावर दोनतीन वर्षांतच पुण्याजवळच्या एका गावाची बारीकसारीक हकीगत लिहून ठेवली. घरं किती, नांगर किती, लोक काय खातात, कर्ज किती. ते गाव म्हणजे लोणीकंद. सव्वाशे वर्षांहून अधिक काळाने घुर्ये यांनी तिथेच पुन्हा पाहणी करून 1960 साली पुस्तक काढलं. लोणीकंदला कोट्स भेटला. बाकीच्या गावांनी काय करायचं?

कारण जातंय ते डोळ्यांदेखत जातंय. 1947 च्या कायद्याने तुकडेजोड आणि एकत्रीकरण आलं, सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले. हिशेबाला ते सोयीचं. पण शेताला जे नाव होतं ते कुठल्याच रकान्यात बसलं नाही. आमच्या एका तुकड्याला घरात 'बिब्याचं' म्हणतात. बिब्याचं झाड मी पाहिलेलं नाही, माझ्या वडिलांनीही नाही. पलीकडे 'ढवळीचं' आहे, खाली ओढ्याला लागून 'म्हातारीची पट्टी'. माझा मुलगा मुंबईत असतो, त्याला गट नंबर पाठ आहे. त्याला 'बिब्याचं' म्हटलं तर तो विचारतो, किती गुंठे?

म्हणून गेल्या दिवाळीपासून मी दोनशे पानी वही घेऊन संध्याकाळी गावात फिरतो. कुणाचं शेत, काय नाव, नाव कशावरून. पुरुषमाणसं दोनचार नावं सांगतात आणि कांद्याच्या भावाकडे वळतात. बायकांना जास्त ठाऊक, कारण भाकरी घेऊन जायचं ते नावावर, नंबरावर नव्हे. ऐंशीच्या पुढच्या एका आजींनी एका बैठकीत एकोणीस नावं दिली. मी वही मिटायला लागलो तर म्हणाल्या, "भाई, आमचं खळं घातलं का त्यात? तुझा आजा वाटा न्यायला तिथंच यायचा. ते पण लिही."