वेगळेपण आणि यंत्रबुद्धि

शिर्डीच्या पडक्या मशिदींत राहिलेल्या फकिराला प्रारंभीं कांहीं गांवकरी वेडा समजत. मशीद म्हणावी, तर तेथें धुनी अखंड पेटलेली. आणि तिचें नांव 'द्वारकामाई'! १८९७ पासून तेथील उरूस रामनवमीच्या दिवशीं भरूं लागला. चारचौघांच्या मापांत न बसणारी ही रीत साईबाबांनीं १५ ऑक्टोबर १९१८ रोजीं देह ठेवीपर्यंत सोडली नाहीं.

आजच्या तरुणापुढें ते चारचौघे नव्या रूपानें उभे आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्यें 'चॅटजीपीटी' लोकांसमोर आली. असली यंत्रबुद्धि असंख्यांच्या लिखाणावरून, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणें अधिक संभवनीय, हें शिकते. म्हणून तिचें उत्तर बहुधा मळलेल्या वाटेनेंच जातें. जो विद्यार्थी तिच्याकडून सबंध निबंध लिहवून घेतो, तो आपलें वेगळेपण आपल्याच हातांनीं घासून गुळगुळीत करतो.

याच साधनाचा सदुपयोगही आहे. बोलतांना अडखळणाऱ्या मुलास तिच्यापाशीं संभाषणाचा सराव करतां येतो. तेथें हंसणारें कोणी नसतें. निबंध आधीं स्वतः लिहावा, आणि मग 'यांतील कोणता विचार लंगडा आहे?' असें तिला विचारावें. तिचें म्हणणेंही पडताळून घ्यावें, कारण चुकीची गोष्टही ती ठामपणें सांगते.

सराव यंत्रापाशीं करावा, दोष त्याच्याकडून काढून घ्यावेत. परंतु त्यांतले कोणते दोष आणि कोणतें आपलें वैशिष्ट्य, हा निवाडा ज्याचा त्यानेंच करावयाचा असतो.