तक्रार केली, म्हणून टेबल बदललं?

कामावर जाणाऱ्या बाईच्या हक्कांविषयी या कार्यक्रमात आपण पुष्कळदा बोललो. आज मला काम देणाऱ्या बाईशी बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठल्या मालकिणी! पण ज्या गटाने काजूचं युनिट टाकलंय, मसाला कांडप चालवायला घेतलंय, पापडाच्या हंगामात बाहेरच्या चारसहा जणी रोजाने बोलावल्यात, तो गट मालकच आहे. हजेरी तुमच्या वहीत आणि मजुरी तुमच्या सहीने.

आता समजा, काजूच्या युनिटमध्ये किलोमागे मजुरी आहे. गर सोलायला बसणारी एक जण आठ तारखेला म्हणाली, "ताई, काटा बरोबर नाही, रोज थोडं वजन कमी दाखवतो." गटाने ऐकलं, "बघू" म्हटलं. तिला कोणी काढलं नाही, वाकडं बोललं नाही. पण अकरा तारखेला ती आली तर तिला सोलायच्या टेबलावरून उठवून बी फोडायला बसवलं. फोडताना टरफलाचं तेल हाताला लागतं, कातडी कशी भाजते ते फोडणाऱ्या बाईला विचारा. पुढच्या आठवड्यात तिला दोनच दिवस बोलावणं आलं. चहाला सगळ्या उठल्या, तिला हाक नाही. विचारलं तर उत्तर तयार, "काम कमी आहे ना."

खरंच कमी असेल. पण वहीत काय दिसतं? आठला तक्रार, अकराला टेबल बदललं, मग दिवस कमी झाले. उद्या ती कामगार अधिकाऱ्याकडे गेली तर "आम्ही डूख धरला नाही" हे गट कशाच्या जोरावर सांगणार?

बहुतेक वेळा यात कोणाचा मोठा कट नसतो. टेबलं वाटणाऱ्या बाईचं मन दुखावलेलं असतं. "एवढं सगळ्यांचं करते, आणि माझ्याच काट्यावर ओरड?" रागाच्या भरात ती कामं वाटते, आणि राग कामात उतरतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की जिच्याविरुद्ध तक्रार आहे तिने तक्रार करणारीचं काम, हजेरी, प्रतवारी यातलं काही ठरवायचं नाही. चौकशी संपेपर्यंत ते दुसरीकडे द्या. लैंगिक छळाच्या तक्रारीत तर कायद्याच्या नियमांतच ही सोय आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्या बाईच्या कामावर शेरा मारण्यापासून रोखता येतं.

दुसरं, बदल करायचाच असेल तर आधी कारण लिहा. कोणाचं काम बदललं, का, कोणी ठरवलं, तारीख, दोघींच्या सह्या. लिहिताना स्वतःलाच विचारा, हिने तक्रार केली नसती तर आपण हे केलं असतं का? ती उशिरा आली म्हणून खाडा मांडताय, तर गेल्या महिन्यात उशिरा आलेल्या बाकीच्यांचे खाडे मांडले होते का? तक्रार केली म्हणजे बाईला सगळं माफ, असं मी म्हणत नाही. गर फोडले, वेळ चुकवली, तर इतरांना जे बोलता तेच तिलाही बोला. मात्र कारण तिच्या तोंडावर वाचून दाखवता येत नसेल, तर तो बदल करूच नका.

लैंगिक छळाचा विषय निघालाच आहे, तर थोडं त्याबद्दल. राजस्थानच्या भंवरीदेवी साथीण म्हणून गावात काम करत होत्या. बालविवाह थांबवू पाहिला म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाला. काम केल्याचाच तो सूड होता. त्यातून 1997 चा विशाखा निकाल आला आणि पुढे 2013 चा कायदा. जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिथे अंतर्गत समिती हवीच. रोजंदारीच्या, कंत्राटी, सगळ्या मोजायच्या. समिती नेमली नाही तर 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा.

चौकशी चालू असताना बाईने स्वतः लेखी मागितलं तर समिती तिची किंवा समोरच्याची बदली सुचवू शकते, तीन महिन्यांपर्यंत जादा रजाही सुचवू शकते. मागितलं तर. "तुझ्याच भल्यासाठी" म्हणत तिला न विचारता घरी बसवणं म्हणजे तिचीच मजुरी बुडवणं. आणि तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती, असं कायदा धरत नाही. आपणही धरू नये. तिचं नाव बाहेर फोडायलाही बंदी आहे. गावात भिंतींना कान असतात हे मला ठाऊक आहे, पण निदान गटाच्या बैठकीत तरी तो विषय चघळू नका.

डूख पहिल्या आठवड्यात दिसेलच असं नाही. म्हणून पंधरा दिवसांनी, महिन्याने, तीन महिन्यांनी एकीने तिला बाजूला घेऊन विचारावं, ती त्या टेबलाशी संबंध नसलेली हवी. दिवस किती मिळाले, कोण बोलत नाही, मजुरी घटली का. तिच्या बाजूने साक्ष दिलेल्या बायकांनाही विचारा. बहुधा त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं.

राहिला काटा. ज्या वजनावर मजुरी ठरते, तो इलेक्ट्रॉनिक काटा दर बारा महिन्यांनी वैध मापन खात्याकडून तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. प्रमाणपत्र काट्याजवळ सगळ्यांना दिसेल असं लावा. वजन खरंच कमी निघालं, तर मागचा फरक हिशोब करून सगळ्यांना द्या, आणि हे सगळं आधी तिलाच सांगा.