पिशवी काढण्यापूर्वी एवढे विचारा



"अंगावरून पांढरं जातंय? मग पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल." असे सांगितले की घर घाबरते. मुकादमाकडून उचल घेऊन पैसे भरले जातात. बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाच्या समितीने ८२,३०९ ऊसतोड भगिनींची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली.

म्हणून हे नीट समजून घ्या.

थोडे पांढरे जाणे नैसर्गिक आहे. घाण वास किंवा खाज असेल तर बहुधा जंतूंचा त्रास असतो. तो औषधाने बरा होतो. काही वेळा नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते.

पिशवीच्या दोन्ही बाजूंना बीजकोश असतात. त्यांच्यातील स्राव हाडांना बळकटी देतो, हृदयाला जपतो. पाळी जाण्याच्या वयाआधीच ते काढले, तर अंगातून वाफा निघतात, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. उसाची मोळी उचलणाऱ्या बाईला हे कसं परवडावं?

मग शस्त्रक्रिया कधीच करू नये का? तसे नाही. कॅन्सर तपासणीत ठरला, रक्तस्राव औषधाने थांबेना किंवा अंग फार बाहेर येऊ लागले, तर ती करावी लागते. आई-बहिणीला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. काही घराण्यांत हा धोका रक्तातून येतो. तपासणीत तसे आढळले, तर मुले झाल्यावर बीजकोश काढणे हिताचे ठरते.

भगिनींनो, वय ३० ते ६५ असेल तर दर पाच वर्षांनी सरकारी दवाखान्यात पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या. औषध लावून पाहतात, चिरफाड नाही. संबंधानंतर रक्त गेले किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा दिसले, तर एक दिवसही थांबू नका.

आणि कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेत फक्त नळ्या बंद करतात. पिशवी, बीजकोश जागच्या जागी राहतात, पाळीही येते.

बंधूंनो, घरधनिणीबरोबर दवाखान्यात जा. दोघांनी मिळून विचारा: रोग कोणता? कोणत्या तपासणीत दिसला? औषधाने बरा होईल का? बीजकोश ठेवता येतील का? उत्तर पटले नाही, तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

काढलेली पिशवी परत बसत नाही. आधी तपासणी, मग निर्णय.