भाडेपट्ट्यावरील सदनिका आणि विक्रीची वेळ
(व्याख्यानाची संहिता)



देवगाव रंगारीसारख्या गावात घर म्हटले म्हणजे भिंती आणि त्याखालची जागा या दोन्ही एकाच मालकाच्या, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज आहे. वाडा पडला तरी जागा कोठे जात नाही, हा त्यामागचा हिशेब. मुलांच्या शिक्षणाच्या निमित्ताने ज्या कुटुंबांनी जिल्ह्याच्या शहरात सदनिका घेतली, त्यांपैकी बहुतेकांनी हाच हिशेब तेथेही गृहीत धरला. मुले शिकली, पुण्याला किंवा त्याहून दूर गेली, सदनिकेला कुलूप लागले आणि आता घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो : ती विकावी की ठेवावी, आणि विकायची तर केव्हा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी कपाटातील कागद बाहेर काढणे अगत्याचे आहे. कारण सिडकोच्या एन-1, एन-2 अशा क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या वसाहतींतील किंवा वाळूजजवळच्या बजाजनगरातील सदनिकेखालची जमीन साधारणतः भाडेपट्ट्याची असते. सिडकोच्या वसाहतीत जमिनीची मालकी सिडकोकडे आणि बजाजनगरात औद्योगिक विकास महामंडळाकडे राहते. कुटुंबाच्या हाती येतो तो ठरावीक मुदतीचा उपभोगाचा हक्क.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 याच्या कलम 105 मध्ये भाडेपट्ट्याची व्याख्या आहे आणि कलम 111 मध्ये तो कसा संपुष्टात येतो ते सांगितले आहे. त्यातील पहिलेच कारण म्हणजे मुदत संपणे. औद्योगिक विकास महामंडळाचे पट्टे सर्वसाधारणपणे 95 वर्षांचे असतात. सिडकोने नवी मुंबईत 60 वर्षांचे पट्टे दिले. शेजाऱ्याचा पट्टा अमुक वर्षांचा म्हणून आपलाही तितकाच, असे धरून चालू नये. करारात लिहिलेली मुदत आणि ती ज्या तारखेपासून सुरू झाली ती तारीख, या दोनच गोष्टी खऱ्या. सदनिका 2005 साली घेतली असली तरी घड्याळ सुरू झालेले असते ते मूळ भूखंडाच्या पट्ट्यापासून, कदाचित 20-25 वर्षे आधी. ही साधी बाब अनेक सुशिक्षित घरांतही कोणी तपासलेली नसते.

सिडकोची स्थापना 17 मार्च 1970 रोजी झाली आणि त्याच दशकात नवे औरंगाबाद वसवण्याचे काम तिच्याकडे आले. 2006 मध्ये सिडकोच्या वसाहती नागरी सुविधांसाठी महानगरपालिकेकडे सोपविण्यात आल्या, तेव्हा घरही आता आपल्या पूर्ण मालकीचे झाले, अशी अनेकांची समजूत झाली. रस्ते, पाणी व दिवाबत्ती पालिकेकडे गेली. पट्ट्याचे नाते मात्र तसेच राहिले. म्हणून विक्रीच्या वेळी पट्टाकर्त्याची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क हे विषय पुढे येतात. विक्रीचा भाव मनात ठरवताना हे शुल्क, जमीनभाड्याची थकबाकी आणि मूळ आराखड्याबाहेर वाढवलेल्या बांधकामाचा प्रश्न आधीच वजा करून ठेवावा. गॅलरी बंद करून खोली वाढवणे ही आपल्याकडे हौसेची गोष्ट. परवानगीच्या फाइलीत ती अडचणीची ठरते.

आता मूळ प्रश्न. पट्ट्यावरील सदनिकेची किंमत दरवर्षी सारख्या प्रमाणात उतरत नाही. सत्तर वर्षे शिल्लक असताना त्याकडे कोणी पाहातही नाही. शहर वाढत असते, भाव चढत असतात आणि त्या चढत्या भावाखाली पट्ट्याची झीज झाकली जाते. उतार दिसू लागतो तो कर्ज देणाऱ्या बँकेमुळे. कर्जाची मुदत संपल्यानंतरही पट्ट्याची पुरेशी वर्षे उरावीत, अशी बँकांची स्वाभाविक अपेक्षा असते. उदाहरणादाखल, एखाद्या सदनिकेच्या पट्ट्याची 35 वर्षे शिल्लक आहेत असे धरू. आज तिशीतील नोकरदार 20 वर्षांचे कर्ज काढून ती घेऊ शकेल. परंतु तोच तरुण दहा वर्षांनी विकायला निघाला, तर पुढच्या खरेदीदाराला उरतील 25 वर्षे. त्याला कर्ज मिळेल की नाही, हा प्रश्न असेल. सुज्ञ खरेदीदार आपल्यानंतरच्या खरेदीदाराचाही विचार करतो, म्हणून भाव प्रत्यक्ष अडचण येण्याच्या पुष्कळ आधी ढळू लागतो. एकामागून एक दोन कर्जे सुखाने बसतील इतकी, म्हणजे ढोबळमानाने 40 वर्षे शिल्लक असतानाच ज्यांना विकायचे आहे त्यांनी विकणे शहाणपणाचे. त्याखाली गेल्यावर रोख पैसे देणारा खरेदीदारच उरतो, आणि रोखीचा माणूस भाव पाडूनच मागतो, हे व्यापारी समाजाला कोणी शिकवायला नको.

परदेशांतील अनुभव या बाबतीत बोलका आहे. इंग्लंडमध्ये फ्लॅट पट्ट्यानेच विकण्याची जुनी रीत आहे. तेथे 1993 च्या कायद्याने फ्लॅटधारकाला 90 वर्षांची मुदतवाढ मागण्याचा हक्क दिला; मात्र शिल्लक मुदत 80 वर्षांखाली गेली की मुदतवाढीमुळे वाढणाऱ्या मूल्यातील अर्धा वाटा जमीनमालकाला द्यावा लागे. त्यामुळे 80 हा आकडा तेथील प्रत्येक खरेदीदाराला पाठ झाला. 2024 च्या नव्या कायद्यात 990 वर्षांच्या मुदतवाढीची आणि हा वाटा रद्द करण्याची तरतूद आली. पण कायदा संमत झाला म्हणून त्यातील सर्व तरतुदी एकदम लागू झाल्या नाहीत. सिंगापूरचे उदाहरण अधिक कठोर आहे. गेलांग भागातील 191 घरांचा 60 वर्षांचा पट्टा 31 डिसेंबर 2020 रोजी संपला आणि जमीन भरपाईविना शासनाकडे परत गेली. आपल्याकडे राहत्या वस्तीच्या बाबतीत कोणतेही शासन इतके कठोर होईल असे वाटत नाही. तथापि ‘सरकार काही घर काढून घेत नाही’ या भरवशाला बँक तारण म्हणून स्वीकारत नाही.

थांबण्याच्या बाजूने दिले जाणारे सर्वांत मोठे कारण म्हणजे पट्ट्याची जमीन पूर्ण मालकीची होण्याची आशा. ती सर्वस्वी निराधार नाही. शासनाने दिलेल्या भाडेपट्ट्याच्या व भोगवटादार वर्ग-2 च्या जमिनी अधिमूल्य भरून वर्ग-1 करण्याचे नियम 8 मार्च 2019 रोजी झाले. मात्र महामंडळांच्या जमिनींना ते आपोआप लागू होत नाहीत. सिडकोच्या नवी मुंबईतील जमिनींविषयी डिसेंबर 2018 मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, त्यात एकरकमी शुल्क घेऊन पट्टा 99 वर्षांचा करण्याचा आणि वारंवारच्या परवानगीतून सुटका देण्याचा भाग होता. 99 वर्षे म्हणजे मालकी नव्हे, अशी तक्रार तेव्हा तेथील रहिवाशांनी केली, ती योग्यच होती. तरी विक्रेत्याच्या दृष्टीने तेवढी सवलतही मोलाची असते. हिशेब सरळ आहे : रूपांतराचे किंवा मुदतवाढीचे शुल्क किती, आणि ते भरल्यानंतर भावात पडणारा फरक किती? शुल्काचा आकडा लेखी जाहीर झालेला असेल आणि फरक त्याहून मोठा असेल, तर थांबावे, शुल्क भरावे आणि मग विकावे. आकडा केवळ वर्तमानपत्रातील घोषणेत असेल, तर त्या घोषणेवर एखाद्या वर्षाहून अधिक काळ घालवू नये. बंद घराचा मालमत्ता कर, सोसायटीचा देखभाल खर्च आणि भिंतींना लागलेली ओल या गोष्टी घोषणेची वाट पाहात नाहीत.

इमारत जुनी असेल तर पुनर्विकासाचाही विचार येतो. विकासकाला भरपूर मुदतीचा पट्टा हवा असतो आणि मुदतवाढ बहुधा संपूर्ण सोसायटीने मिळून मागावी लागते. सोसायटीत एकोपा असेल तर थांबण्यात लाभ आहे. वार्षिक सभेला गणसंख्याही भरत नसेल, तर त्या लाभावर फार विसंबू नये.

आणखी एक दुखणे मुखत्यारपत्राचे. हस्तांतरण शुल्क वाचवण्यासाठी घरे केवळ मुखत्यारपत्रावर आणि साध्या करारावर हातोहात विकली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात अशा व्यवहाराने मालकी हक्क जात नाही, हे स्पष्ट केले. ज्यांच्या हाती असे कागद आहेत त्यांच्यासाठी विक्रीची वेळ ठरवण्याआधी कागद नियमित करण्याची वेळ आलेली आहे. मूळ पट्टेदार हयात असून सही करण्यास तयार आहे, ही स्थिती कायम राहत नसते.

हीच गोष्ट स्वतःच्या घरातही लागू पडते, आणि येथे बोलायला थोडे अवघड असले तरी बोलणे आवश्यक आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम जैन समाजालाही लागू आहे. वडिलांनी स्वकष्टाने घेतलेली सदनिका मृत्युपत्राविना मागे राहिली, तर पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असल्यास तीही, हे सर्व समान वारस ठरतात. नामनिर्देशन केल्याने मालकी ठरत नाही. लेकीचे लग्न थाटात करून दिले म्हणून तिचा हिस्सा संपत नाही, आणि खरेदीदाराचा वकील तिची सही मागतोच. भाऊबीजेला येणाऱ्या बहिणीपुढे ऐनवेळी हक्कसोडपत्राचा कागद ठेवला म्हणून मने दुखावली जातात. विक्री आधीच बोलून ठरली असती तर तेथे प्रश्नच उद्भवला नसता. वडील हयात असताना आणि त्यांची विचारशक्ती शाबूत असताना केलेल्या विक्रीत एक सही पुरते, आणि पैसा कोठे जावा हेही त्यांनाच ठरवता येते. आईच्या नावे किती राहील, हे तर त्यांनी आवर्जून ठरवावे.

कराच्या दृष्टीनेही वडिलांच्या हयातीतील विक्री अनेकदा सोयीची पडते. 24 महिन्यांहून अधिक काळ धारण केलेल्या घरावरील नफा दीर्घकालीन समजला जातो. 23 जुलै 2024 पासून त्यावर निर्देशांकाविना 12.5 टक्के दर आला. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी भारतात निवासी असलेल्या व्यक्तींना व हिंदू अविभक्त कुटुंबांना निर्देशांकासह 20 टक्क्यांचा जुना हिशेब करून जो कर कमी तो भरण्याची मुभा ठेवली आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाच्या नावावर घर आल्यावर ही मुभा राहत नाही. 1 एप्रिल 2001 पूर्वी घेतलेल्या घरासाठी त्या तारखेचे बाजारमूल्य धरता येते, म्हणून मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाचा दाखला सौद्याआधीच घ्यावा. नफ्यातून दुसरे घर घ्यायचे असल्यास विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षे, आणि बांधायचे असल्यास तीन वर्षे, ही मुदत मिळते. तोपर्यंत न गुंतवलेली रक्कम विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. बचत खात्यात पडून राहिलेली रक्कम त्यासाठी चालत नाही.