आधी विचारा, मग सांगा

नेर-परसोपंत भागात कापूस वेचणीच्या दिवसांत घरात धड बोलायला उसंत नसते. त्यात भाव पडला, की घरधनी आणखीच गप्प. हे गप्प राहणं जिवावर बेततं, म्हणून शासनाने २०१५ मध्ये यवतमाळसह चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. गावातल्या आशा स्वयंसेविका दारोदार जाऊन ताणाची चौकशी करू लागल्या.

घरातही विचारताना “कर्ज किती झालं?” हा पहिला प्रश्न नकोच. “जेवले का? रात्री झोप लागली का?” इथून सुरुवात करा, उत्तर येईस्तोवर मोबाइल बाजूला ठेवा. सल्ला मागाहून. कामावरच्या माणसांशीही असंच वागा: सालगडी असो की दुकानातला पोरगा, चारचौघांत झापू नका.

घरात बोलणं जमतच नसेल, तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनची सेवा दिवसरात्र, मोफत आहे. क्रमांक लिहून घ्या: १४४१६.