मला आंबा आवडतो
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या शाळेतून इंजिनिअरिंगला गेले, तेव्हा इंग्रजीच्या धास्तीने पहिलं वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. भाषा हे आपलं काम नव्हे, हे तेव्हाच मनात बसलं. चाळिशीनंतर ऑफिसच्या कामासाठी स्पॅनिश शिकायची वेळ आली, तेव्हा पोटात गोळाच आला.

पण झालं भलतंच. ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे ‘मला आंबा आवडतो’. आंबे अनेक झाले की ‘मे गुस्तान लोस मांगोस’, ‘मला आंबे आवडतात’. क्रियापद आंब्यामागे चालतं, माझ्यामागे नाही. इंग्रजीतून विचार करणारे इथे अडखळले. मला बाईंचा फळा आठवला. नामांच्या लिंगांचीही भीती वाटली नाही. त्यांची दोनच, आपली तीन! ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. पोर्तुगीजांकडून आलेला आपला ‘पगार’ त्याचाच भाऊबंद.

अडले ते ‘असणे’पाशी. स्पॅनिशमध्ये त्याची क्रियापदं दोन. सध्या कुठे आहोत ते ‘एस्तार’ने सांगायचं, मूळचे कुठले ते ‘सेर’ने. ‘एस्तोय एन पुणे’, मी पुण्यात आहे. ‘सोय दे बीड’, मी बीडची आहे.

बाई, व्याकरणाच्या तासाला “हे पुढे कशाला लागणार?” असं मीच विचारलं होतं. उत्तर द्यायला तीस वर्षं लागली. लागतं, बाई.