लावणी आटोपली की एक दिवस गडावर



बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ते बोलतो, व्याज बोलतो, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं ते बोलतो. पण सगळ्याजणींनी मिळून एक दिवस नुसतं हिंडायला जाऊया, असं म्हणायला तोंड उघडत नाही. देवाला जायचं असेल तर चालतं. माहेरी, लग्नाला, बारशाला चालतं. गडावर, आणि तेही पावसात? घरात विचारलं की पहिला प्रश्न येतो, "तिथे काय काम आहे तुमचं?"

तर आज मी त्या नसलेल्या कामाबद्दल बोलणार आहे.

मी महापे गावची. आता महापे म्हटलं की लोकांना कारखाने आणि काचेच्या इमारती आठवतात. पण आमच्या गावामागे पारसिकचा डोंगर आहे, आणि आमच्या सासवा, आजेसासवा त्या डोंगरावर लाकूडफाट्याला जायच्या, करवंदं काढायला जायच्या. डोक्यावर मोळी घेऊन ओल्या वाटेने उतरायच्या. तुमच्यातल्या कितीतरी जणी आजही असं उतरत असतील. म्हणजे डोंगर बाईला नवा नाही. डोक्यावर ओझं नसताना डोंगर चढणं, तेवढं नवं आहे. आमच्या गटातल्या चौदा जणींनी ते करून पाहिलं, म्हणून सांगते.

आम्ही निवडला कर्नाळा. रायगड जिल्ह्यातला, पनवेलपासून 12-13 किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच. लांबून बघितलं तर डोंगरातून अंगठा वर काढल्यासारखा सुळका दिसतो, तोच कर्नाळा. कोपरखैरणेहून लोकलने पनवेल, आणि तिथून पेणकडे जाणारी एसटी. एसटीत 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचं म्हणाल तर एका साडीच्या फॉल-पिकोएवढाही आला नाही. गटाच्या पैशाला हात लावला नाही, हे मुद्दाम सांगते, नाहीतर पुढच्या बैठकीत कुणीतरी हिशेब मागायचं.

आता गड का, आणि हाच का? एसटी पनवेल सोडून निघाली की वाटेत शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडके या गावी 4 नोव्हेंबर 1845 ला जन्मले. त्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. फडके पुढे पुण्यात सरकारी लष्करी खात्याच्या हिशेब कचेरीत नोकरीला लागले. आई आजारी पडली तेव्हा वेळेवर रजा मिळाली नाही, आणि ते घरी पोचेपर्यंत आई गेली होती. बंडामागे दुष्काळात होरपळलेली माणसं होती, लूट होती, पुष्कळ काही होतं. पण आईच्या वेळची ती रजा, हे ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. आपल्यातल्या किती जणींना माहेरच्या आजारपणाला जायला दोन दिवस मिळालेले नाहीत! फडके 17 फेब्रुवारी 1883 ला एडनच्या तुरुंगात वारले. हे सगळं मी एसटीत सांगितलं, तर पुढच्या बाकावरच्या दोन अनोळखी बायाही मागे वळून ऐकत बसल्या.

गडाचा इतिहास थोडक्यात सांगते. यादवांपासून बऱ्याच राजवटींनी तो बघितला, कारण बोर घाटातून खाली येणारा माल पनवेल बंदराकडे जायचा आणि गडावरून त्या वाटेवर नजर राहायची. शिवाजी महाराजांनी तो घेतला. 1665 च्या पुरंदरच्या तहात जे 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कर्नाळाही होता. 1670 मध्ये मावळ्यांनी तो परत घेतला, मातीचे आडोसे उभे करत, त्यांच्या मागून थोडं थोडं पुढे सरकत. 1818 ला इंग्रजांकडे गेला.

पायथ्याशी पक्षी अभयारण्य आहे, 1968 पासूनचं. गेटवर पिशव्या तपासतात, प्लास्टिक फेकू देत नाहीत. आणि मैत्रिणींनो, एक गोष्ट आधीच मनाशी धरा. पावसात आपली नजर वाटेच्या कडेला जाते. हा टाकळा, तो कुर्डू, ती भारंगी. हात शिवशिवतात. पण अभयारण्यात पानसुद्धा तोडायचं नाही. आमच्या एकीने पदराला गाठ मारून ठेवली होती भाजीसाठी, तिला आम्ही गाठ सोडायला लावली.

पावसात तिथे तिबोटी खंड्या येतो, अंडी घालायला. चिमणीएवढा पक्षी, लाल चोच, निळे-नारिंगी रंग, पायाला तीनच बोटं. ओढ्याच्या कडेच्या मातीत नर-मादी दोघं मिळून बोगदा खणतात आणि पिलांना भरवतातही दोघं. हे सांगितल्यावर काय हशा पिकला! "त्याला म्हणावं आमच्या घरी ये शिकवायला," असं एकजण म्हणाली. कोण ते सांगत नाही. आम्हाला तो दिसला एकदाच, दगडावरून निळं काहीतरी सुळकन गेलं, इतकंच.

आता महत्त्वाचं. पावसातला गड म्हणजे चेष्टा नाही. 30 जून 2024 ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. थोड्या वेळापूर्वी ते त्याच पाण्यात उभे होते आणि पाणी साधंच होतं. डोंगरावर वर कुठेतरी पाऊस पडतो, आपल्याकडे उघडीप असते, आणि लोंढा येतो खाली. म्हणून ओढ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, पानं-काटक्या वाहत आल्या, की त्यात पाय घालायचा नाही. अर्ध्या वाटेत असाल तर सुरक्षित काठाला थांबा, पाणी उतरेपर्यंत. उशीर झाला तर होऊ दे. धबधब्याखाली उभं राहायचं नाहीच, हा आमचा नियम होता.

निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी हवामान खात्याचा इशारा बघा, टीव्हीवर किंवा फोनवर. लाल किंवा नारिंगी असेल तर डबे घरीच खा. जिल्हाधिकारी पावसाळ्यात कधी कधी धबधब्यांवर, गडांवर जायला बंदी घालतात, तीही विचारून घ्या. बंदी मोडून गेलेल्यांना सोडवायला पुन्हा गावातलीच पोरं दोर घेऊन जातात, रात्री, त्याच पावसात.

आणि सुळक्याचे, कातळात पायऱ्या खोदलेले गड पावसात आपले नाहीत. कलावंतीणचे फोटो तुम्ही फोनवर पाहिले असतील. सुंदर आहे, उन्हाळ्या-हिवाळ्यात जाणाऱ्यांनी जावं. कर्नाळ्याचाही सुळका सुमारे 125 फूट उंच आहे, तो दोर लावून चढणाऱ्यांचा. आपण त्याच्या पायाशी जायचं. तिथे मधमाश्यांची मोहोळं असतात, म्हणून अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको.

कपड्यांचं सांगते. पाचवारी पायात येते, तिच्यात चढू नका. पंजाबी ड्रेस बरा. पण आमच्यातली सगळ्यात थोरली काकी गुडघ्यापर्यंत कासोटा घालून, आगरी लुगड्यात आली आणि आम्हा सगळ्यांच्या पुढे चढली. चप्पल मात्र नको, खडबडीत तळाचे बूट हवेत. छत्री नको, हात मोकळे पाहिजेत. तांदळाची भाकरी, श्रावण म्हणून सुकट नाही तर खोबऱ्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, आणि कोरडा पदर म्हणून एक जास्तीची ओढणी.

पाण्याबद्दल जरा थांबून बोलते, कारण हे बाईच बाईला सांगू शकते. वाटेत लघवीला जायला लागू नये म्हणून आपण पाणीच पीत नाही. एसटीत, लग्नात, शेतावर, सगळीकडे हेच करतो. डोंगर चढताना पावसातसुद्धा घाम जातो, आणि पाणी न पिता चढलं की चक्कर येते, पायात गोळे येतात. तेव्हा चढायच्या आधी पायथ्याशी जाऊन या, आणि वर गरज लागली तर दोघी ओढणी धरून उभ्या राहा. त्यात लाज कसली. पाळी असेल तर कागद आणि वेगळी पिशवी न्या, कचरा परत आणा. देवळात जायचं की नाही ते जिचं तिने ठरवावं, दुसरीने विचारू नये.

आम्ही आधीच एक ठरवलं होतं. चौदापैकी कुणीही एकीने "बस, आता परत" म्हटलं, की सगळ्यांनी वळायचं. कारण विचारायचं नाही, चिडवायचं नाही. आणि सगळ्यात हळू चालणारी पुढे ठेवायची, मागे नाही. पहिल्या वेळी, ऑगस्टमध्ये, आम्ही धारेपर्यंत पोचलो आणि ढग खाली उतरला. पुढची बाई दिसेना. पाऊस आडवा लागला. तेव्हा गटातली सगळ्यात धाकटी, घरी दोन वर्षांचं लेकरू ठेवून आलेली, म्हणाली, "बस." आम्ही वळलो. गड अर्ध्या तासावर होता.

घरी आल्यावर ऐकावं लागलं. "गड न बघताच आल्या? मग गेलात कशाला?" माझ्या घरीही. काकीने उत्तर दिलं, "गड कुठे पळत नाही, आम्हीच परत जाऊ." आपण बाया एरवी कुठेच "बस" म्हणत नाही. ताप असताना भाकऱ्या थापतो, कंबर मोडली तरी हंडा उचलतो. सगळ्यात धाकटी बस म्हणाली आणि तेरा जणींनी ऐकलं, हे मला गड बघण्याइतकंच मोठं वाटलं.

गणपतीनंतर पुन्हा गेलो. या वेळी उघडीप होती. हळूहळू दोन-अडीच तास लागले. कर्णाई देवीला नमस्कार केला, पडलेल्या वाड्याच्या भिंती पाहिल्या, आणि सुळक्याच्या पायाशी गेलो. तिथे कातळात खोदलेली टाकी आहेत, पाण्याने भरलेली. सुळक्यावर पडलेलं पावसाचं पाणी खाली येतं आणि कातळाच्या पोटात साठतं. शेजारी कोठारं. तिथे आम्ही किती वेळ उभ्या होतो कुणास ठाऊक. कारण रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकर येतो. तो टँकर आला की धावतं कोण, हे तुम्हाला सांगायला नको. शेकडो वर्षांपूर्वी छिन्नी-हातोड्याने कुणीतरी पावसाचं पाणी अडवून ठेवलं, आणि गडावर वेढा पडला तरी माणसं जगली. "आपल्या शाळेच्या छपराचं पाणी कुठे जातं गं?" एकीने विचारलं. आम्ही परत आल्यावर ते बघितलं. गटारात जातं. त्यावर आता ठराव लिहिलाय, पुढचं पुढे कळवीन.

गडावरच्या बाईचं नाव निघालं की आपल्याला रायगडची हिरकणी आठवते. लेकरासाठी रात्री कडा उतरली, अशी तिची कथा. मला वाटतं आपण तिचं अर्धंच सांगतो. ती रोज दूध विकायला गड चढत होती. डोक्यावर माल घेऊन, वेळेत पोचायच्या घाईत. आई होतीच, पण कमावती बाईही होती.

आणि गडाच्या पायथ्याच्या वाड्या विसरू नका. तिथल्या बायका चहा देतात, भाकरी थापून देतात. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी इर्शाळगडाच्या पोटाशी होती, गडावर जाणारी माणसं तिच्यातूनच जायची. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण सापडलेच नाहीत. आपण पाऊस बघायला एक दिवस जातो, त्या बायका चारही महिने त्याच्याखाली झोपतात. तेव्हा वाडीत चहा प्यालात तर पैसे काढताना घासाघीस करू नका. आणि तुमची वाडी उताराखाली असेल, वर जमिनीला नव्या भेगा दिसत असतील, झाडं किंवा खांब कलले असतील, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ येत असेल, तर ग्रामपंचायतीला, तलाठ्याला त्याच दिवशी कळवा, आणि जोराच्या पावसात रात्र तिथे काढू नका. भांडी-कुंडी राहू द्या.

राहिलं परतीचं. दुपारी दोनला गडावरून निघा, म्हणजे चारच्या सुमाराला महामार्गावर याल. पनवेलकडे जाणारी गाडी पकडताना रस्ता ओलांडावा लागला तर सगळ्याजणी एकत्र ओलांडा, गाड्या भरधाव असतात आणि पावसात ब्रेक लागत नाहीत. चढताना डोकी मोजली असतील तशी गाडीत बसताना पुन्हा मोजा. आमची चौदा भरली.